खोल्या तीन, भाडे एक

नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही तिघा शिक्षकांनी तालुक्याच्या गावी एक घर भाड्याने घेतले होते. भाडे महिना ९०० रुपये. प्रत्येकी ३००, हा हिशेब एका मिनिटात झाला. खोल्या मात्र सारख्या नव्हत्या. पुढची मोठी, दोन खिडक्यांची. मधली, जिच्यातून सगळ्यांची ये-जा चाले. आणि मागची, अंधारी पण शांत. चिठ्ठ्या टाकून खोल्या ठरल्या. दिवाळीपर्यंत सारे ठीक चालले. मग 'तुला काय, तुझ्याकडे वारा येतो' हे वाक्य अधूनमधून ऐकू येऊ लागले. संक्रांतीचा तिळगूळ आम्ही एकमेकांना दिला तो केवळ रीत म्हणून. परीक्षा संपल्या आणि घर सोडले. तिघांपैकी दोघे गणित शिकवत होते, हे आज सांगताना थोडा संकोच वाटतो.

संकोच अशासाठी की, हा प्रश्न गणिताचा आहे आणि त्याला उत्तरही आहे. ते उत्तर कसे सापडले याचा इतिहास मोठा रंजक आहे. त्यात युद्धात लपून बसलेला एक प्राध्यापक आहे, बावीस वर्षांच्या एका तरुणाने काढलेला त्रिकोण आहे, आणि खोल्यांच्या वाटणीवरून अडलेले एक मित्रमंडळ आहे.

समान म्हणजे न्याय्य का?

आधी प्रश्न नीट मांडू या. समान भाडे ठेवले तर अंधाऱ्या खोलीतला माणूस कुरकुरतो. क्षेत्रफळाप्रमाणे भाडे लावले तर मोजपट्टीने खोली मोजता येते, पण वाऱ्याची, शांततेची आणि येण्याजाण्याच्या त्रासाची किंमत कोण ठरवणार? एकाला उजेड हवा असतो, दुसऱ्याला रात्री जागून वाचायचे असते, तिसऱ्याला चार पैसे वाचवून घरी पाठवायचे असतात. सर्वांना मान्य होईल असे एकच माप येथे नाही. अडचण हीच आहे असे आपल्याला वाटते. पण पुढे आपण पाहू की, वाट निघते ती याच अडचणीतून. तिघांच्या आवडी वेगळ्या असतात म्हणूनच तिघांचेही समाधान करणे शक्य होते.

दोघांपुरता उपाय फार जुना आहे. घरातल्या लहान मुलांनाही तो माहीत असतो: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांत कुरणावरून तंटा होतो, तेव्हा अब्राहाम म्हणतो, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोट यार्देन नदीचे पाणथळ खोरे निवडतो. या युक्तीत दोघांपैकी कोणाचीही आवड तिसऱ्याला माहीत असावी लागत नाही. पंच लागत नाही. मात्र वाटेकरी तीन झाले की ही सोपी युक्ती तोकडी पडते.

ल्वूवचे गणिती

तिघांच्या आणि त्याहून अधिकांच्या वाटणीचा गणिती विचार पद्धतशीरपणे सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पोलंडमध्ये. ल्वूव हे तेव्हाचे पोलिश शहर आज युक्रेनमध्ये आहे आणि ल्विव या नावाने ओळखले जाते. ह्यूगो श्टाइनहाउस (१८८७–१९७२) तेथे प्राध्यापक होते. १९१६ साली क्राकूवच्या एका बागेत दोन तरुण गणितावर बोलत बसलेले त्यांनी ऐकले आणि त्यांतला एक, स्टेफान बानाख, पुढे विसाव्या शतकातला थोर गणिती ठरला, ही गोष्ट अनेकांनी वाचली असेल.

१९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा ल्वूवमध्ये शिरल्या. जुलै महिन्यात शहरातल्या अनेक प्राध्यापकांना पकडून ठार मारण्यात आले. श्टाइनहाउस जन्माने ज्यू. ते घर सोडून निघाले आणि ग्झेगोश क्रोखमाल्नी या परक्या नावाने खेडेगावांत लपून राहिले. जवळ ग्रंथालय नव्हते. गावातल्या मुलांना ते चोरून शिकवीत आणि उरलेल्या वेळी डोक्यात गणित करीत. तिकडे ल्वूवमध्ये बानाख आणि ब्रोनिस्वाव क्नास्टर हे दोघे डॉ. रुडोल्फ वाइगल यांच्या प्रयोगशाळेत टायफसच्या लशीसाठी पाळलेल्या उवांना स्वतःच्या अंगावर रक्त पाजण्याचे काम करीत होते. त्या कामामुळे मिळणारे ओळखपत्र जीव वाचवू शकत होते.

या दिवसांत श्टाइनहाउस यांनी न्याय्य वाटणीचा प्रश्न हाती घेतला आणि तिघांपुरते उत्तर काढले. कितीही जणांसाठी चालेल असे उत्तर बानाख आणि क्नास्टर यांनी दिले. ऑगस्ट १९४५ मध्ये बानाख वारले. सप्टेंबर १९४७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या अर्थमितीच्या परिषदेत श्टाइनहाउस यांनी हे काम मांडले आणि १९४८ साली ते छापून आले. ज्या काळात माणसाचा वाटाच काय, पण जगण्याचा हक्कही हिसकावला जात होता, त्या काळात ही माणसे न्याय्य वाट्याचा विचार करीत होती.

बानाख-क्नास्टर यांची रीत वर्गात सहज करून दाखवता येते. चार जणांत एक केक आहे. पहिला आपल्या मते पाव असलेला तुकडा कापतो. तो तुकडा फिरतो. ज्याला तो पावापेक्षा मोठा वाटेल त्याने तो छाटून आपल्या मते पाव करायचा आणि छाटण उरलेल्या केकमध्ये टाकायची. ज्याने शेवटी छाटला, तुकडा त्याचा. कोणीच छाटला नाही तर पहिल्याचा. मग उरलेले तिघे उरलेल्या केकवर हाच खेळ खेळतात. प्रत्येकाला स्वतःच्या मापाने निदान पाव केक मिळतोच.

केक कापता येतो; घर, गाय किंवा दागिना कापता येत नाही. त्यासाठी क्नास्टर यांनी पैशाची मदत घेतली. समजा दोन भावांत एक घर आहे. दोघांनी बंद चिठ्ठीत किंमत लिहायची. थोरला १०,००० लिहितो, धाकटा ८,०००. घर थोरल्याला. त्याच्या हिशेबाने त्याचा वाटा ५,००० चा, म्हणून वरचे ५,००० तो मध्ये ठेवतो. धाकट्याच्या हिशेबाने त्याचा वाटा ४,००० चा. तो तेवढे उचलतो. १,००० उरले! ते दोघे निम्मे निम्मे घेतात. दोघांनाही अपेक्षेपेक्षा ५०० जास्त मिळाले. हे जास्तीचे पैसे दोघांच्या मतभेदातून आले. दोघांनी एकच किंमत लिहिली असती तर काहीच उरले नसते.

वाटा पुरेसा, तरी हेवा

येथे सारे संपायला हवे होते. पण माणसाचे मन तेवढ्याने भरत नाही. केकचे उदाहरण तिघांपुरते घेऊ. अ आपला तिसरा हिस्सा घेऊन बाजूला झाला. उरलेला केक ब आणि क यांनी आपसात वाटला. आता अ च्या नजरेने पाहिले तर असेही होऊ शकेल की, क ला अर्धा केक मिळाला आणि ब ला जेमतेम सहावा हिस्सा. अ ला स्वतःचा वाटा पूर्ण मिळाला आहे, तरी त्याला क चा हेवा वाटणारच. आमच्या भाड्याच्या घरात नेमके हेच झाले होते.

म्हणून कसोटी कडक झाली: कोणालाही दुसऱ्याचा वाटा आपल्या वाट्यापेक्षा चांगला वाटता कामा नये. आपले ओळखीचे लेखक जॉर्ज गॅमॉव्ह यांनी मार्विन स्टर्न यांच्यासह १९५८ साली काढलेल्या कोड्यांच्या पुस्तकात हा प्रश्न मांडला होता. तिघांपुरते उत्तर १९६० च्या सुमारास जॉन सेल्फ्रिज यांना आणि पुढे स्वतंत्रपणे जॉन कॉनवे यांना सापडले. दोघांनीही ते स्वतः छापले नाही, तोंडोतोंडी पसरले. कितीही जणांसाठी रीत मिळायला १९९५ साल उजाडले. ती स्टीव्हन ब्रॅम्स आणि ॲलन टेलर यांनी दिली. केकचे असे चालले असताना खोल्यांच्या वाटणीची किल्ली भलत्याच कपाटात पडून होती.

एक त्रिकोण, १९२८

ते कपाट टोपॉलॉजीचे. १९२८ साली हँबुर्ग येथे एमान्युएल श्पेर्नर (१९०५–१९८०) या तरुणाने एक निबंध प्रसिद्ध केला. रेषा, पृष्ठभाग आणि अवकाश यांच्या मिती खरोखर वेगळ्या आहेत, कितीही ताणले-वाकवले तरी एकाचे दुसरे होत नाही, या ब्राउअर यांनी आधीच सिद्ध केलेल्या गोष्टीची त्याला सोपी सिद्धता हवी होती. त्यासाठी त्याने एक साहाय्यक प्रमेय वापरले. त्यात फक्त एक मोठा त्रिकोण, त्याचे लहान त्रिकोण, शिरोबिंदूंवर लिहिलेले १, २, ३ हे अंक आणि सम-विषम एवढाच विचार होता. भाडे, खोली, हेवा यांचा त्यात मागमूस नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९२९ साली, हे प्रमेय वापरून तीन पोलिश गणितींनी आणखी महत्त्वाचा निष्कर्ष काढला. त्यांची नावे कुरातोव्स्की, माझुर्कीएविच आणि क्नास्टर. होय, तेच क्नास्टर. म्हणजे एकाच माणसाने ऐन तारुण्यात श्पेर्नरचा त्रिकोण हाताळला आणि युद्धकाळात वाटणीचा प्रश्न सोडवला. या दोन्हींची गाठ मात्र खूप उशिरा पडली. १९८० च्या सुमारास फॉरेस्ट सिमन्स यांनी केकच्या वाटणीला श्पेर्नरचा त्रिकोण लावून पाहिला. त्यानंतर कॅलिफोर्नियातील हार्वी मड कॉलेजचे फ्रान्सिस सू यांच्याकडे त्यांचा एक मित्र अडचण घेऊन आला. तो आणि त्याचे सोबती नव्या घरात राहायला चालले होते, खोल्या लहानमोठ्या होत्या, आणि कोणी कोणती खोली किती भाड्याने घ्यायची यावर एकमत होत नव्हते. सू यांनी सिमन्स यांची कल्पना खोल्यांसाठी बदलून घेतली आणि १९९९ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या नियतकालिकात 'रेंटल हार्मनी' या नावाने लेख लिहिला.

आमचे घर त्रिकोणात

आता कागद-पेन्सिल घ्या. एक समभुज त्रिकोण काढा आणि प्रत्येक बाजूचे ९ समान भाग करून आत बाजूंना समांतर रेघा मारा. ८१ लहान त्रिकोण आणि ५५ बिंदू मिळतील. प्रत्येक बिंदू म्हणजे ९०० रुपयांची एक वाटणी. एका बाजूवर पहिल्या खोलीचे भाडे शून्य. त्या बाजूपासून एकेक ओळ दूर जाल तसे ते १०० ने वाढेल आणि समोरच्या कोपऱ्यात ९०० होईल. दुसऱ्या दोन बाजू तशाच दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या. कोणत्याही बिंदूवर तीन भाड्यांची बेरीज ९०० च येते, हे मुलांना पडताळून पाहू द्या.

बिंदूंना मालक द्या. सर्वांत खालच्या ओळीत अ, ब, क, अ, ब, क असे लिहा. तिच्या वरची ओळ क पासून सुरू करा: क, अ, ब. त्यावरची ब पासून: ब, क, अ. असेच पुढे. कोणताही लहान त्रिकोण घ्या. त्याचे तीन शिरोबिंदू अ, ब आणि क यांचेच असतील.

आता प्रत्येक बिंदूवर त्याच्या मालकाला एकच प्रश्न: 'या दराने तू कोणती खोली घेशील?' उत्तराचा अंक १, २ किंवा ३ तेथे लिहा. आपण एवढेच गृहीत धरतो की, एखादी खोली फुकट मिळत असेल तर पैसे मोजून दुसरी कोणी घेणार नाही. म्हणून पहिल्या खोलीच्या बाजूवर कोपरे सोडून सगळीकडे १ येईल, दुसरीच्या बाजूवर २, तिसरीच्या बाजूवर ३. कोपऱ्यात दोन खोल्या फुकट असतात. तेथे त्या दोहोंपैकी कोणताही अंक येईल.

ज्या लहान त्रिकोणाच्या तीन टोकांवर १, २, ३ असे तिन्ही अंक आहेत तो आपल्याला हवा. तेथे तिघा माणसांनी तीन निरनिराळ्या खोल्या मागितल्या आहेत. असा त्रिकोण असतोच, याची सिद्धता अशी:

लहान त्रिकोणांना दालने समजू. ज्या रेघेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्याला २ असेल ती रेघ म्हणजे दार. बाहेरून आत यायला दारे किती? १ आणि २ या बाजू जेथे मिळतात त्या कोपऱ्यात १ असेल तर दार २ च्या बाजूला, २ असेल तर १ च्या बाजूला, दार एकच. बाकी हद्दीवर १ च्या शेजारी २ येतच नाही. म्हणजे बाहेरचे दार नेमके एक. त्यातून आत शिरा. दालनाचा तिसरा अंक ३ असेल तर काम झाले. तो १ किंवा २ असेल तर त्या दालनाला आणखी एक दार असलेच पाहिजे. त्यातून पुढे जा. कोणत्याही दालनाला दोनपेक्षा जास्त दारे नसतात, म्हणून गेलेल्या दालनात परत येणे शक्य नाही. बाहेर पडावे तर बाहेरचे दुसरे दार नाही. दालने ८१ च आहेत. तेव्हा चाल कोठेतरी थांबणार, आणि जेथे थांबेल ते दालन १, २, ३ चे.

त्या दालनाच्या तीन टोकांवरचे दर थोडे वेगळे असतात. एकेका खोलीच्या दरात जास्तीत जास्त १०० चा फरक. १०० ऐवजी १० रुपयांची जाळी घेतली तर फरक १० वर येतो. सगळ्या बिंदूंवर विचारण्याचीही गरज नाही. दारे जेथे नेतील तेथेच विचारायचे. जाळी बारीक करत गेले की असा एक दर निघतो की, त्या दराने तिघेही आपापल्या पसंतीची खोली घेतात आणि दुसऱ्याच्या खोलीकडे पाहत नाहीत. सू यांनी हे कितीही खोल्यांसाठी दाखवले आहे.

पुढे काय झाले

२०१४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हा त्रिकोण आपल्या वाचकांसमोर मांडला. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातील एरिएल प्रोकाचिया आणि सहकाऱ्यांनी 'स्प्लिडिट' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात प्रत्येकाने सर्व खोल्यांना आपापली किंमत द्यायची, बेरीज एकूण भाड्याइतकी ठेवायची, आणि संगणकाने वाटणी करायची. हेवा नसलेल्या वाटण्या पुष्कळ असू शकतात. त्यांतून ज्याचा फायदा सर्वांत कमी आहे त्याला शक्य तितका जास्त देणारी निवडावी, असे या मंडळींनी २०१६ मध्ये सुचवले. २०१९ साली छापलेल्या एका लेखात फ्लोरियान फ्रिक, केल्सी ह्यूस्टन-एडवर्ड्स आणि फ्रेडेरिक म्युनिए यांनी एक गंमत सिद्ध केली. तिघांपैकी एकाने आपली आवड अजिबात सांगितली नाही तरी चालते. बाकी दोघांच्या उत्तरांवरून असे दर ठरवता येतात की, त्या तिसऱ्याने कोणतीही खोली उचलली तरी उरलेल्या दोन खोल्या इतर दोघांना हेवा न वाटता वाटून घेता येतात.

या रीतीत एक उणीव आहे, ती विद्यार्थ्यांपासून लपवू नये. त्रिकोण विचारतो, 'या दराने कोणती घेशील?' तुझ्या खिशात किती आहेत, हे तो विचारत नाही. ज्याला घरी पैसे पाठवायचे आहेत तो प्रत्येक वेळी स्वस्त खोली सांगेल, अंधारी खोली घेईल, आणि गणिताच्या भाषेत त्याला कोणाचा हेवा नसेल. आमच्या घरात मागच्या खोलीत राहणारा सहकारी नेमका असा होता. त्रिकोणाने त्याचे भाडे ३०० वरून बरेच खाली आणले असते, एवढे खरे. त्याच्या तंगीचा विचार मात्र आम्हा दोघांनाच करावा लागला असता. गणित हेवा मिटवू शकते. विषमता मिटवण्याचे काम ते आपल्यावर सोडते.

तरीही त्या प्रश्नाचे मोल कमी होत नाही. आम्ही वर्षभर वाद घातला तो 'कोणाची खोली चांगली' यावर, आणि त्याला उत्तर नव्हते. 'या दराने तू कोणती घेशील' असे एकमेकांना शांतपणे विचारले असते तर एका संध्याकाळी निकाल लागला असता. आपल्या वर्गात ५५ बिंदूंचा तक्ता लावा, तीन मुलांना खोल्या निवडू द्या आणि दारांतून चालत जा. चाल कोठे थांबते ते मुले स्वतःच शोधतील. न्याय म्हणजे समान तुकडे नव्हेत, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.